धुण्याचा दगड

निपाणीच्या आमच्या पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते. विषय ठरवायला बसलेली मंडळी चहा पिऊन होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलतात आणि उठता उठता जो पहिला सुचेल तो विषय ठरवून टाकतात. त्या वर्षी तो असा ठरला : 'स्त्री-पुरुषांतील नैसर्गिक फरकांमुळे समानता अशक्य आहे.' मी जीवशास्त्र शिकवते, शिवाय बाई. मुलांची तयारी करून घ्यायचं काम कुणी न विचारताच माझ्या गळ्यात पडलं.

बाजूने बोलणारी मुलं जोरात होती. स्नायू, हाडं, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळं पाठ करून आली होती, आणि मध्येच एकदा सिंह-सिंहीणही आणून सोडत होती. शिकार सिंहीण करते हे त्यांना मी सांगितलं तेव्हा सिंहाचा मुद्दा गाळला गेला. विरोधात बोलणाऱ्या मुलींचं एकच पालुपद होतं : बाई आणि पुरुष यांत काहीही फरक नाही, आहे तो समाजाने केलेला. मला दोघांचाही राग यायला लागला. मुलांनी धडा अर्धाच वाचला होता आणि मुलींनी तो उघडलाच नव्हता.

शेवटी मी सगळ्या वर्गाला मैदानावर नेलं आणि उंचीप्रमाणे, सगळ्यांत उंच पुढे, असं एका रांगेत उभं केलं. पुढच्या टोकाला मुलगेच मुलगे, मागच्या टोकाला मुलीच मुली. मुलगे हसायला लागले. म्हटलं, थांबा, आता मधे बघा. मधे सगळी मिसळ होती. मुलगा, मुलगी, मुलगी, मुलगा. आणि पुढच्या मुलग्यांच्या घोळक्यात एक मुलगी मान वर करून उभी होती. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याची पोर, घरी कन्नड बोलणारी, सुट्टीत तंबाखूच्या शेतात ट्रॅक्टर चालवणारी. निम्म्याहून जास्त मुलगे तिच्या मागे होते. मी समजावून सांगितलं की सरासरीत फरक आहे आणि तो खोटा नाही, पण सरासरी ट्रॅक्टर चालवत नाही, माणूस चालवतो.

ती मुलगी नंतर माझ्यामागून स्टाफरूमपर्यंत आली. तीच विरोधातली मुख्य वक्ती होती. तिने विचारलं, "मॅडम, मग स्टेजवर काय सांगू? फरक हाय म्हणू का न्हाय म्हणू?"

मी म्हटलं, फरक आहे म्हण, पण त्यावरून कुणाला काय करू द्यायचं ते ठरत नाही असं म्हण. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की यावर टाळ्या पडणार नाहीत. ते खरं होतं. टाळ्या पडल्या नाहीत आणि तिचा नंबरही आला नाही.

हे सगळं मी इतक्या ठामपणे शिकवत होते, आणि एका बाबतीत मात्र मी स्वतःला कधी साधा प्रश्नही विचारला नव्हता. ती बाब म्हणजे माझे स्वतःचे पाय.

माझं माहेर बेळगावातल्या शहापूरचं. आम्ही विणकर. पुढच्या खोलीत खड्ड्याचा हातमाग, मधल्या खोलीत माणसं, मागच्या दारात न्हाणी आणि धुणं. खड्ड्याचा माग म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि खालच्या लाकडी पावड्या आळीपाळीने दाबायच्या. पावडी दाबली की उभे धागे वर-खाली होतात आणि त्यांच्या मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. आमच्या घरात मागावर पुरुष बसायचे. बायका रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या. धोट्यात घालायच्या त्या कांड्या; त्या संपल्या की माग थांबतो. म्हणजे बाईच्या हाताशिवाय साडीची एक वीतसुद्धा पुढे सरकत नव्हती, पण साडी कुणी विणली म्हणाल तर आप्पांनी, माझ्या वडिलांनी. गल्लीत कुठेही विचारा, हेच उत्तर मिळालं असतं. आईनेही हेच दिलं असतं.

लहानपणी एकदा आप्पा जेवायला उठल्यावर मी मागावर जाऊन बसले. पाय खाली सोडले तर ते नुसते लोंबत राहिले. अंगठ्याने पावडी शोधायला मी पुढे पुढे सरकत गेले आणि जवळजवळ खड्ड्यातच गेले. आईने मला दंडाला धरून वर ओढलं. ती रागावली नाही. बाईच्या जातीचे पाय आखूड, ते पावडीला पुरत नाहीत, देवानं तसे केलेच नाहीत, असं तिने मला समजावून सांगितलं आणि कांड्या भरायला बसवलं. मी वाढले, तरी फार उंच झाले नाही. आमच्या घरातल्या बायका बुटक्याच. मला ते पटलं होतं आणि पटूनच राहिलं. पुढे मी एम.एस्सी. केलं, मांडीच्या हाडाची लांबी मुलांना फळ्यावर काढून दाखवली, पण आईचं ते वाक्य तपासून बघावं असं मला कधी वाटलं नाही. आईने सांगितलेलं शास्त्र पुस्तकातल्या शास्त्राच्या आधी डोक्यात जाऊन बसतं, आणि मग उठत नाही.

आता आप्पा थकले आहेत. गुडघे धरले, मागावर बसणं बंद झालं. माझा भाऊ वडगावात पॉवरलूम चालवतो. घरातला हातमाग शेवटच्या, अर्धवट विणलेल्या ताण्यासकट तसाच उभा होता. भावाने ठरवलं की दसरा झाला की खड्डा बुजवायचा, वर फरशी घालायची आणि ती खोली मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायची. आप्पांनीही मान हलवली. खंडेनवमीला मागाची शेवटची पूजा करू आणि मग फरशीवाल्याला बोलावू, असं ठरलं.

तेव्हा माझी भाची मधे पडली. म्हणजे भावाची मुलगी. नात्याने भाचीच म्हणायची, पण माझ्या मांडीवर वाढलेली. हुबळीला कापडाच्या डिझाइनचा डिप्लोमा करून ती परत आली होती. तिने सांगितलं की माग काढू नका, मी विणणार आहे. शहापुरी साडी हाताने विणणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि तिला तेच शिकायचं होतं, आप्पांच्या हाताखाली, आप्पांच्या मागावर. तिच्या कोर्समध्ये ती जमिनीवरच्या उभ्या मागावर शिकली होती. आप्पा त्याला खेळण्यातला माग म्हणायचे.

मी दर शनिवारी दुपारी लाल बसने बेळगावला यायचे आणि दर वेळी घरात हाच विषय चालू असायचा. आप्पा काही ओरडणाऱ्यांतले नाहीत. ते शांतपणे एकेक कारण काढून ठेवायचे. पहिलं कारण, बाईचे पाय पुरत नाहीत. दुसरं, दिवसभर फणी ठोकून धागा घट्ट बसवायला खांद्यात ताकद लागते. भाचीने उभ्या मागावर केलेलं कापड आणून दाखवलं तेव्हा तिसरं कारण आलं : मागाला देव मानतो आपण, बाईचे चार दिवस असतात, तेव्हा काय करणार? भाची म्हणाली, त्या दिवसांत माझी आई स्वयंपाक करतेच की आता, देव तिथेही आहे. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि चौथं कारण काढलं, की उद्या लग्न झाल्यावर खड्डा सासरी घेऊन जाणार काय.

मी हे सगळं ऐकत होते आणि मला एक गोष्ट दिसत होती. कारणं बदलत होती, निकाल मात्र तोच. आधी निकाल लागला होता आणि मग साक्षीदार गोळा केले जात होते. कॉलेजातल्या मुलांचंही तेच चाललं होतं, पण मुलांवर चिडता येतं. आप्पांवर मला नीट चिडताही येत नव्हतं, कारण मला कॉलेजात घालण्यासाठी साऱ्या गल्लीशी भांडलेला माणूस तो हाच. पोरीनं शिकावं, नोकरी करावी, स्कूटर चालवावी, यातल्या कशालाही त्यांची हरकत नव्हती. फक्त माग नको.

एका शनिवारी मी मधे पडले. दुसऱ्याच्या घरात वकिली करावी तशी, जरा जास्तच ऐटीत. मी म्हटलं, आप्पा, पायांच्या हाडात असा काही मोठा फरक नसतो, तिला एकदा बसवून तर बघा. ती बसली आणि जमलं तर माग ठेवा, नाही जमलं तर मी स्वतः फरशीवाल्याला फोन करते. आप्पांनी मागावरची धूळ पंच्याने पुसली. मग म्हणाले, "बसू दे."

भाचीने ओढणी काढून ठेवली, केस बांधले आणि मागाच्या पाया पडून बसली. पाय खाली सोडले. आणि मला माझेच पाय दिसले. तिच्या चवड्याचं टोक तेवढं पावडीला लागत होतं. जोर द्यायचा तर पुढे घसरावं लागायचं, आणि पुढे घसरलं की पाठ वाकायची आणि हात फणीवरून सुटायचा. तरी ती हटली नाही. धोटा मारत राहिली, घामाने ओली झाली. वीतभर कापड झालं, पण त्याचा काठ वेडावाकडा आला. मधे दोन-चार धागे तुटले. आप्पा पाटावर बसून बघत होते. त्यांना आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही. त्यांचा चेहरा उतरलाच होता.

"म्हनलो नव्हतो मी?" ते म्हणाले. "पोरीची चूक न्हाय ती. पायच पुरत न्हाईत."

मैदानावर रांग लावून मी जे सिद्ध केलं होतं ते खड्ड्यात पडलं होतं. भाची न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल होते. मला म्हणाली, "आत्या, फोन नको करू इतक्यात. दसरा होऊ दे." तेवढीच मुदत तिला हवी होती. बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी हे मला यमकनमर्डीच्या पुढे येईपर्यंत ठरवता आलं नाही.

त्या प्रवासात मला माझं पहिलं गरोदरपण आठवत होतं. सातवा महिना चालू असताना मला परीक्षेच्या सुपरव्हिजनला लावलं होतं, वरच्या मजल्यावर, जिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, दर वेळी जिना उतरावा लागायचा. मी खालचा मजला मागितला तर त्या वेळचे प्रमुख हसून म्हणाले होते, मॅडम, तुम्हीच समानता मागता, मग ड्यूटी सगळ्यांना सारखीच. सगळे हसले. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता बसमध्ये ते दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी येऊन बसले. एके ठिकाणी फरक आहे म्हणून मला मागावरून उठवलं होतं आणि दुसरीकडे फरक नाहीच असं म्हणून वर चढवलं होतं. दोन्हीकडे त्रास मलाच. मग फरक मोजून उपयोग काय, हे मला कळेना. उत्तर शोधायचं कुठे तेही कळेना.

पितृपक्षात थोरल्या काकांचा म्हाळ होता. ते आप्पांचे मोठे भाऊ. मी अगदी लहान असतानाच वारले. म्हाळाला मी रजा घेऊन गेले. वाडी दाखवून झाली, कावळा लवकर आला, सगळ्यांना बरं वाटलं, आणि जेवणं झाल्यावर पानसुपारी घेत आप्पा भावाच्या आठवणी काढत बसले. दरवर्षी ते काढतातच. काकांचा हात कसा हलका, त्यांच्या साडीचा काठ कसा पट्टीने आखल्यासारखा, व्यापारी त्यांच्या साडीसाठी कसे दारात थांबायचे. या सगळ्या गोष्टी आम्हाला पाठ होत्या. मी अर्धं लक्ष देऊन ऐकत होते. भाची तर ऐकतही नव्हती. उंबऱ्यात बसून रिकाम्या कांड्या हातात खेळवत होती.

"आणि माणूस केवढा? एवढासा," आप्पा हाताने दाखवत म्हणाले. "अण्णाचं पाय लई आखूड. पयल्यांदा बसला तवा लोंबकळाय लागलं. मग आमच्या आज्जानं काय केलं, खड्ड्यात दगड बसवला. दगडावर पावड्या चढवल्या, दोऱ्या आखडून बांधल्या. झालं काम. जलमभर त्या दगडावर विणला अण्णा."

कांड्यांचा आवाज थांबला. मी भाचीकडे बघितलं. ती आप्पांकडे बघत होती. आप्पा पान लावत होते. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताही नव्हता. भावाचं कौतुक करण्यात ते रमले होते. काका गेल्यावर माग आपल्याकडे आला, आपले पाय लांब, म्हणून तो दगड काढून टाकला आणि दोऱ्या सैल केल्या, असं ते पुढे सांगत होते.

भाचीने फार हळू आवाजात विचारलं, "आज्जा, तो दगड कुठं हाय?"

"कुठं म्हंजे? म्हागल्या दारात," आप्पा म्हणाले. "धुनं धुताय की तुमी त्याच्यावर."

मागच्या दारातून पाण्याचा आवाज येत होता. आई तिथे म्हाळाची सोवळी धोतरं आपटत होती. आप्पांनी पान तोंडात टाकलं, आमच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग त्यांचं चावणं हळूहळू थांबलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना स्पष्ट दिसलं. चोर पकडला गेल्याचा भाव नव्हता तो. स्वतःच्याच घरात वाट चुकलेल्या माणसाचा होता.

ती दुपार मी विसरणार नाही. मला आधी राग आला, इतका की उठून अंगणात गेले. आईने त्या दगडावर सगळ्या घराचं धुणं धुतलं होतं. आप्पांचं, आमचं, आमच्या पोरांचं. मीही धुतलं होतं. सुट्टीला आल्यावर भाचीही. पाय पुरत नाहीत म्हणून आम्हाला मागावरून उठवलं, आणि पाय पुरवणारा दगड आमच्याच हाताखाली ठेवला. ठेवला तोही कुणी डाव रचून नव्हे. रिकामा दगड होता, धुण्याला बरा पडला, म्हणून. डाव असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि राग थोडा बसला. काकांचे पाय आखूड होते तेव्हा 'पुरुषांचे पाय पुरत नाहीत' असं कुणी म्हणालं नाही. ते फक्त काकांचे पाय होते. त्यावर वाद झाला नाही, स्पर्धा ठेवल्या नाहीत; दगड आणला. फरक तोच, बोटांनी मोजला तर तेवढाच. पण एकाचा फरक म्हणजे दगड आणायचं कारण, आणि दुसरीचा फरक म्हणजे देवाची करणी. मैदानावर मी मुलांना अर्धाच धडा शिकवला होता. फरक आहे की नाही एवढं विचारून भागत नाही. फरक दिसल्यावर आपण कुणासाठी उठतो आणि कुणासाठी बसून राहतो, तेही विचारावं लागतं. खालच्या मजल्याचं उत्तरही तेच होतं. मला सगळ्यांसारखी ड्यूटी चालली असती. फक्त जिना नको होता.

पितृपक्षात नवं काही करत नाहीत, म्हणून सगळे गप्प राहिले. भाचीनेही एक अक्षर काढलं नाही, आणि तिच्या गप्प राहण्याचं मला आश्चर्य वाटलं. मी तिच्या वयात असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती आप्पांच्या पायांना रोज तेल चोळत राहिली. आप्पांना झोप लागत नव्हती असं आईने मला फोनवर सांगितलं.

खंडेनवमीला मी घरी होते. सकाळी मागाला, धोट्याला, फणीला हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. भाऊ वडगावातल्या लूमची पूजा उरकून आला. प्रसाद वाटून झाला आणि भावाने फरशीवाल्याचा विषय काढला, की परवा येतो म्हणतोय. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, गुडघ्याला हात लावत मागच्या दारात गेले आणि तिथून भावाला हाक मारली. आई बादलीत कपडे भिजवून नुकतीच बसली होती. आप्पांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. का ते सांगितलं नाही.

दगड भाऊ आणि भाची दोघांनी मिळून आणला. काळा, एका अंगाने धुण्याने गुळगुळीत झालेला, साबणाचा वास असलेला. आप्पा या वयात स्वतः खड्ड्यात उतरले. कुणाचं ऐकेनात. दगड कसा बसवायचा ते फक्त त्यांनी बघितलं होतं, त्यांच्या आज्जाच्या हातून. त्यांनी तो ठोकून-ठाकून बसवला, पावड्यांची मागची टोकं त्यावर चढवली, दोऱ्या सोडून आखडून पुन्हा बांधल्या. वर येऊन त्यांनी हातांची माती झटकली. माळ न काढताच त्यांनी भाचीला बसायची खूण केली.

ती बसली. दोन्ही तळवे सपाट पावड्यांवर टेकले. तिने एक पाय दाबला, धागे उघडले, धोटा गेला. फणी बसली. पुन्हा. पहिल्या काही फेऱ्यांत तिचा हात चुकला, खांदा दुखला असावा. मधेच थांबून तिने तो चोळला. ताकद कमी पडते हे आप्पांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण काठ सरळ येत होता. आप्पा पाटावर बसून काठाकडे डोळे लावून होते. थोड्या वेळाने त्यांनी मान न वळवता भावाला सांगितलं, "फरशीवाल्याला थांब म्हनावं."

भाऊ बघत राहिला. मोबाइलच्या दुकानवाल्याला काय सांगायचं ही त्याची अडचण होती आणि ती खरी होती. भाचीने माग थांबवला आणि तोंड ओढणीत लपवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा मधल्या दाराशी आई उभी असलेली मला दिसली. साडी खोचलेली, हात कोपरापर्यंत ओले. धुण्याचा दगड गेल्यामुळे तिचं काम अडलं होतं आणि ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे.

"मी बसू का जरा?" तिने विचारलं.

भाची लगेच उठली. आप्पा पाटावरून सरकले. आईने हात पुसले, भाचीच्या खांद्याला धरून खाली बसली, आणि पाय एकेक करून खड्ड्यात सोडले. तिचे पाय माझ्याही पायांपेक्षा आखूड आहेत, टाचांना भेगा पडलेल्या, पाण्याने पांढरे झालेले. ते खाली गेले आणि टेकले.

तिने हलकेच एक पावडी दाबली. धागे वर गेले. दुसरी दाबली. खाली आले. धोट्याला तिने हात लावला नाही.

"पुरत्यात की गं," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मग तिने आप्पांकडे बघितलं. रागाने नाही. मग मला का तसं सांगितलं, एवढंच तिने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत पाय तसेच ठेवले. आपल्यालाही तसंच सांगितलं होतं, असं आप्पा म्हणाले, आणि ते खरंच होतं. आईने मान हलवली. मलाही आठवलं की तेच वाक्य मला तिने सांगितलं होतं, तितक्याच मायेने.

ती आणखी थोडा वेळ पावड्या दाबत बसली. वर, खाली. भावाने तिला उठवायला हात पुढे केला, तिचे गुडघे आखडतील म्हणून. तिने तो हात धरला नाही. खाली पायांकडे बघतच त्याला म्हणाली,

"धुन्याला दुसरा दगड आन."